करून देणे आणि शिकवणे : किशोरवयीन स्वयंसेवक आणि डिजिटल साक्षरता

घरातल्या, गल्लीतल्या, गावातल्या मोठ्या माणसांना संगणक, मोबाइल आणि इंटरनेट वापरायला शिकवण्याचे काम शाळकरी मुलामुलींकडे सोपवावे, ही कल्पना आता सुमारे तीस वर्षांची झाली आहे. अमेरिका, कॅनडा, सिंगापूर अशा देशांत तिचे निरनिराळे प्रयोग झाले. भारतात तिला सर्वांत मोठे रूप केरळने दिले. या प्रयोगांकडे वळण्याआधी एक भेद नोंदवावा लागतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मुले मोठ्यांची डिजिटल कामे करून देतात, आणि जवळजवळ प्रत्येक घरात करून देतात. ती कामे मोठ्यांना शिकवणे हा निराळा व्यवहार आहे; तो घरात आपोआप घडत नाही.

करून देण्याचा व्यवहार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वीजबिल भरायचे असते, सिलिंडर नोंदवायचा असतो, रेशनकार्डाचे ई-केवायसी अडलेले असते. आजोबा फोन नातवापुढे धरतात, नातू अर्ध्या मिनिटात काम उरकतो आणि फोन परत देतो. मधल्या अर्ध्या मिनिटात पडद्यावर काय काय आले आणि गेले, हे आजोबांना दिसलेलेच नसते. पुढच्या महिन्यात तेच काम, तोच नातू. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर न्यायची, असा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात अनेक घरांत हे ‘स्वतः’ कॉलेजात जाणाऱ्या पोरावर येऊन थांबले. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज मोबाइलवरून भरले जाऊ लागले, तेव्हाही जिच्या नावाचा अर्ज तिचे काम बहुधा एवढेच होते : आलेला ओटीपी वाचून दाखवणे. आणि ओटीपी कुणाला वाचून दाखवू नये, हेच तर सायबर सुरक्षेच्या प्रत्येक पत्रकात पहिल्या ओळीत छापलेले असते.

सरकारी हिशेबानेही या व्यवहाराला एक प्रकारे मान्यताच दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे उद्दिष्ट सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचे होते : दर कुटुंबामागे एक व्यक्ती, वय १४ ते ६०, प्रशिक्षण वीस तासांचे. ज्या घरात एकही माणूस डिजिटल साक्षर नाही, ते घर पात्र. म्हणजे दहावीतल्या मुलीला संगणक येत असेल, तर तिच्या आईची आणि आजीची गरज कागदावर भागलेली. साठी ओलांडलेल्यांना तर दारच बंद. मार्च २०२४ अखेर अभियान संपले तेव्हा सुमारे ६.३९ कोटी लोकांचे प्रशिक्षण झाले होते आणि ४.७७ कोटींना प्रमाणपत्रे मिळाली होती. आकडे लहान नाहीत. पण कुटुंब हे एकक धरल्यामुळे घरात एक जाणकार तयार झाला की बाकीच्यांचे भागेल, हे गृहीत त्यात बसलेले होते, आणि खरे घोडे पेंड खाते ते तिथेच. घरातला जाणकार घरातल्यांना शिकवत नाही. त्याला वेळ नसतो, धीर नसतो, आणि करून देणे त्याच्यासाठी कितीतरी सोपे असते. शिवाय आईबापांना शिकवताना जुने हिशेब मध्ये येतात. ‘परवाच तर सांगितलं होतं’ हे वाक्य शेजारच्या काकूंना कुणी म्हणत नाही. आईला सहज म्हटले जाते.

मुलांना खरोखरच किती येते, हाही प्रश्न आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीने २०२४ साली १४ ते १६ वयोगटातल्या मुलांचे डिजिटल कौशल्य तपासले. स्मार्टफोन वापरता येतो असे सांगणारी मुले ८० टक्क्यांहून अधिक निघाली. आदल्या आठवड्यात फोनवर समाजमाध्यमे पाहिलेली ७६ टक्के, तर अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी नकोशा माणसाला ब्लॉक कसे करावे किंवा त्याची तक्रार कशी करावी हे ६२ टक्क्यांना माहीत होते, पासवर्ड बदलणे सुमारे ५८ टक्क्यांना, आणि आपले खाते खासगी कसे ठेवावे हे सुमारे ५५ टक्क्यांना. थोडक्यात, बोटे भराभर चालतात. पण जे ज्ञान आजीला सर्वांत आधी लागणार, त्यात जवळपास निम्मी मुले स्वतःच कच्ची आहेत. ‘आजची पिढी जन्मतःच तंत्रज्ञान शिकून येते’ हे कौतुक ऐकायला बरे, पण त्यावर विसंबून स्वयंसेवक नेमता येत नाहीत. आधी स्वयंसेवकाला शिकवावे लागते.

ही गोष्ट पहिल्या प्रयोगापासून ओळखली गेली होती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया या गावी डेनिस हार्पर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘जनरेशन येस’ नावाने पुढे ओळखला गेलेला उपक्रम सुरू केला. त्यात शिकणारे होते खुद्द शिक्षक. विद्यार्थी आधी स्वतः अभ्यासक्रम पुरा करत, मग एकेका शिक्षकाबरोबर जोडी लावून त्याच्या विषयाच्या तासात संगणक कसा वापरावा हे दोघे मिळून ठरवत. वर्गाची उतरंड त्या तासापुरती उलटी झाली, तरी शाळेची चौकट कायम राहिली.

कॅनडातला प्रयोग याहून घरगुती होता. टोरांटोत २००९ साली दोन शाळकरी बहिणींनी, आपले आजी-आजोबा संगणकामुळे नातेवाइकांशी नव्याने बोलू लागले हे पाहून, वृद्धाश्रमातल्या लोकांना शिकवायला वर्गमित्र गोळा केले. एका वृद्धामागे एक मुलगा किंवा मुलगी अशी बैठक. त्यांच्याच बहिणीने, सॅफ्रन कॅसाडे हिने, या कामावर ‘सायबर-सीनियर्स’ हा माहितीपट केला. तो २०१४ साली प्रदर्शित झाला. त्यातला सर्वांत लक्षात राहणारा भाग म्हणजे वृद्धांनी यूट्यूबवर स्वतःचे व्हिडिओ टाकण्याची लावलेली पैज. ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी कपड्यांच्या इस्त्रीवर चीज सँडविच भाजून दाखवले. हसण्यासारखी गोष्ट खरी, पण शिकवण्याच्या दृष्टीने फार पुढची. त्या बाई बिल भरायला शिकत नव्हत्या. त्यांना जगाला काहीतरी दाखवायचे होते, आणि त्यासाठी लागणारी खटपट त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. प्रौढ माणूस गरजेपोटी जेवढे शिकतो त्याहून जास्त हौसेपोटी शिकतो, हे शासकीय अभ्यासक्रमांच्या आखणीत क्वचितच दिसते.

केरळची गोष्ट वेगळ्या मातीतली आहे. तिथे साक्षरता चळवळीची जुनी आठवण आहे : १९९० साली एर्नाकुलम हा देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा ठरला आणि १८ एप्रिल १९९१ रोजी संपूर्ण राज्य साक्षर जाहीर झाले. स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन शिकवायचे, ही रीत तिथल्या अंगवळणी पडलेली. संगणकाच्या बाबतीत २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने शाळाशाळांत मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेले शिक्षण रुजवले. त्याच प्रकल्पातून ‘काइट’ ही संस्था उभी राहिली, आणि २०१८ साली तिने ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळे काढली. आज ती दोन हजारांहून अधिक शाळांत आहेत. आठवीत प्रवेशपरीक्षा देऊन सभासद व्हायचे, दहावीपर्यंत राहायचे. ॲनिमेशन, प्रोग्रॅमिंग, मल्याळम संगणन, यंत्रांची देखभाल, सायबर सुरक्षा असा पाठ्यक्रम. आणि प्रत्येक मंडळावर शाळेतलेच दोन शिक्षक, ज्यांना काइट मास्टर आणि काइट मिस्ट्रेस म्हणतात. नेमणूक अशी रीतसर असल्यामुळे मुलांचा उत्साह ओसरला तरी मंडळ ओसरत नाही.

या मंडळांनी समाजात केलेल्या कामांपैकी मे २०२२ मध्ये सुरू झालेला ‘अम्मा अरियान’ हा मातांसाठीचा सायबर सुरक्षेचा उपक्रम जवळून पाहण्यासारखा आहे. पहिल्या टप्प्यात तीन लाख मातांचे उद्दिष्ट होते. तीस जणींची एक तुकडी, अर्ध्या अर्ध्या तासाची पाच सत्रे. पहिल्यात स्मार्टफोन आणि इंटरनेट यांची ओळख. दुसऱ्यात पासवर्ड, पिन आणि ओटीपी यांची राखण. तिसऱ्यात खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात. चौथ्यात पैशांची फसवणूक. आणि पाचव्यात इंटरनेटने उघडलेल्या संधी. समोर एक शिक्षक आणि त्याच्याबरोबर मंडळातली मुले. आखणीत बारकावा आहे. अडीच तासांत सगळे उरकते, म्हणजे आईचा दिवस मोडत नाही. जागा मुलांचीच शाळा असते, म्हणजे घरातून निघताना ‘कुठे चाललीस’ याला उत्तर तयार असते. आणि वर्गात बहुतेक जणींना शिकवणारे मूल दुसरीचे असते. स्वतःच्या मुलाच्या अधीरपणातून आई सुटते आणि मूलही जरा जपून बोलते. मात्र इतक्या वेळात हात बसत नाही, हेही खरे. सावध करण्यापुरता हा वर्ग पुरतो; वापर शिकवायला पुरत नाही.

वापर शिकवण्याचे काम दुसऱ्या वाटेने झाले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा ग्रामपंचायतीत रोजगार हमीवरच्या बायकांचा मजुरी काढण्यासाठी बँकेच्या रांगेत अख्खा दिवस जातो, हे ध्यानात आले आणि २०२१ साली पंचायतीने गावातल्या प्रत्येकाला मोबाइल शिकवायचे ठरवले. विद्यार्थी, कुटुंबश्री बचत गटांतल्या बायका, राष्ट्रीय सेवा योजनेची मुले घरोघर आणि कामाच्या जागेवर गेली. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली वर्ग भरले. सप्टेंबर २०२२ मध्ये ती संपूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली. त्याच नमुन्यावर ‘डिजी केरळम’ राज्यभर राबवले गेले. आधी सुमारे ८३ लाख कुटुंबांची पाहणी झाली, त्यात सुमारे २१.८८ लाख लोक डिजिटल निरक्षर आढळले, आणि अडीच लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी त्यांना शिकवले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी केरळ हे संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य असल्याचे जाहीर केले. शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेले पंधरा हजारांहून अधिक होते. केंद्राच्या अभियानाने साठीला रेघ मारली होती. केरळने शिकणाऱ्याच्या वयाला वरून मर्यादाच ठेवली नाही. दोन्हींतला दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा : इथे मोजणी घराची नसून माणसाची झाली. घरात शिकलेला नातू आहे म्हणून आजी यादीतून गळली नाही.

‘संपूर्ण’ या शब्दावर अर्थातच शंका घेता येते. पाहणीच्या दिवशी फोन लावून दाखवणारा माणूस सहा महिन्यांनी काय करील, हे जाहीरनाम्यात येत नाही. महाराष्ट्राला हा अनुभव जुना आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच्या गावे साक्षर झाली, ग्रामगौरव समारंभ झाले, मोहीम राज्यभर गेली. पण पुढे वाचायला हाती काही न आल्याने कितीतरी नवसाक्षर शिकलेली अक्षरे पुन्हा विसरले. डिजिटल साक्षरतेतला धोका याच्या उलट्या दिशेने येतो. इथे शिकलेला माणूस विसरला नाही तरी ॲपच बदलते. हिरवे बटण उजवीकडून डावीकडे जाते, मधे एक नवा पडदा येतो, आणि पाठ केलेली वाट बंद होते.

म्हणून मुलांना शिकवण्याची पद्धतच वेगळी शिकवावी लागते. पहिला नियम हातांचा : फोन शिकणाऱ्याच्या हातातून घ्यायचा नाही. मुलाने हात मागे बांधून बसावे म्हटले तरी चालेल. दुसरी अडचण अगदी शरीराची आहे आणि तरुण मुलांच्या ती ध्यानातही येत नाही. मोबाइलचा पडदा त्वचेतल्या विद्युतवहनावर चालतो. म्हातारपणी किंवा राबणाऱ्या हातांची कातडी कोरडी, जाड झालेली असते आणि पडदा बोट ओळखतच नाही. मग माणूस जोर लावतो, बोट दाबून धरतो, आणि सुमारे अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त दाबले की फोन त्याचा अर्थ निराळा घेतो : चिन्ह थरथरते, सरकते, नको ती यादी उघडते. ‘माझ्याकडून बिघडलं’ ही भीती बहुधा इथूनच सुरू होते. बोट ओल्या फडक्याला पुसून घेणे, आणि ॲण्ड्रॉइड फोनच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा अवधी वाढवणे, अक्षरे मोठी करणे, ही पाच मिनिटांची तयारी पहिल्या धड्याच्या आधी व्हायला हवी. ती न झालेले वर्ग पहिल्या दिवसानंतर ओस पडतात आणि दोष म्हाताऱ्यांच्या बुद्धीवर जातो.

तिसरे म्हणजे, पायऱ्या पाठ करून घेण्याऐवजी परतीची वाट आधी शिकवणे. मागे जाण्याची खूण कोणती, सगळे बंद करून पहिल्या पडद्यावर कसे यावे, हे जमले की माणूस धिटाईने चाचपडू लागतो, आणि ॲप बदलले तरी त्याचे फारसे अडत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी मराठीत बोलून शोधण्याची सोय हे मोठे दार आहे. माइकचे चिन्ह ओळखले की पुढचे बरेच काम आवाजावर होते. ज्यांना वाचता येते त्यांनी पायऱ्या स्वतःच्या हाताने वहीत लिहाव्यात. मुलाने टाइप करून पाठवलेली टीप फोनमध्ये असते, आणि फोनच उघडता येत नसेल तर तिचा उपयोग काय!

पैशांच्या व्यवहारात मुलांवर येणारी जबाबदारी वयाच्या मानाने जड असते. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचा पिन कळता कामा नये. पिन टाकायच्या क्षणी मुलाने मान वळवायची, हा नियम केवळ शिष्टाचार नाही. उद्या खात्यातून पैसे गेले तर संशय आधी त्या मुलावर येईल, आणि त्याच्यापाशी स्वतःच्या बाजूने सांगायला काही नसेल. हाच न्याय आधारकार्डाच्या फोटोला. अर्ज भरताना तो मुलाच्या फोनवर काढला जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच पडून राहतो. खरे व्यवहार शिकवण्याची वेळ आली तर सुरुवात एका रुपयाने, शिकणाऱ्याच्याच माणसाला पाठवून करावी. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, हे एक वाक्य पक्के झाले तरी कित्येक फसवणुकी टळतात. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० हा क्रमांक लावायचा, या दोन गोष्टी त्याच्या जोडीला हव्यात. लाजेने गप्प राहणाऱ्याचे पैसे बहुधा परत येत नाहीत. म्हणून फसलेल्याला न हसणे हा मुलांच्या प्रशिक्षणाचा भाग असावा लागतो.

मुलींची अडचण आणखी निराळी. त्याच ‘असर’ पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के होते, मुली २६.९ टक्के. आया, मावश्या, आज्या मुलीकडून निर्धास्त शिकतील, पण त्या मुलीच्या हातात सरावाला फोन नसतो. तो बापाबरोबर किंवा भावाबरोबर बाहेर गेलेला असतो. शाळेने आपली यंत्रे मंडळातल्या मुलींना वापरायला मोकळी ठेवली तरच ही उणीव भरून निघते. आणि शिकणाऱ्या बाईकडे स्वतःचा फोन आहे का, हा प्रश्न तर शिकवण्याच्याही आधीचा आहे.

या कामाला शिक्षणव्यवस्थेत जागा नाही असे नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे असतात. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आणि ‘उल्लास’ या नावाने चालणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे. तो स्वयंसेवकांच्याच बळावर उभा आहे आणि जीवनकौशल्यांत डिजिटल साक्षरता धरतो. मे २०२५ मध्ये गोवा त्याच कार्यक्रमाखाली संपूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६च्या महिला दिनी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेने तर साठीपुढच्या बायका गुलाबी नऊवारीत, पाटी-दप्तर घेऊन रोज वर्गात बसतात, हे दाखवून दिले. शिकायला माणसे तयार आहेत, शिकवायला मुले आहेत, तासांची तरतूदही आहे. महाराष्ट्रात नसलेली गोष्ट म्हणजे आठवी-नववीच्या पातळीवर शाळेशी बांधलेले, शिक्षक नेमलेले कायमचे मंडळ. सेवा योजना अकरावीपासून पुढे सुरू होते. तोवर मूल गाव सोडून तालुक्याला किंवा शहरात गेलेले असते. आठवी ते दहावीतले मूल गावातच असते, संध्याकाळी मोकळे असते, आणि गावातल्या प्रत्येक घरात त्याला उंबरा ओलांडून जाता येते.

अशा मंडळाचे रोजचे काम मोहिमेसारखे दिसणार नाही. आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ, ग्रंथालयात, देवळाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात. ज्याचे जे अडले असेल ते घेऊन त्याने यायचे. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले, खरिपात पीक पाहणी, जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज, असे वर्षाचे चक्र आपोआप लागते. कुणाला काय शिकवले याची वही असावी, आणि त्याच माणसाने तेच काम पुढच्या खेपेला स्वतः केले की नाही याची त्यात नोंद असावी. किती जण येऊन गेले या आकड्यापेक्षा ती नोंद पुष्कळ जास्त सांगते. दहावीची मुले जाताना ही वही नव्या आठवीच्या मुलांच्या हाती देतात, आणि कोणत्या घरी पुन्हा जायचे आहे हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळते.